चाप

पिस्तुलाच्या ज्या भागाला आपण सर्रास ट्रिगर म्हणतो, त्याला मराठीत घोडाही म्हणतात आणि चापही. अर्थच्छटा शिकवताना 'चाप' हे माझे हुकमी उदाहरण. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. मराठीत केसांना लावतात तो चाप आणि उधळपट्टीला लावतात तोही चापच. सोडण्याचे साधन आणि आवरण्याचे साधन, दोघांना भाषेने एकच नाव दिले, असे म्हटले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात. हे उदाहरण मी जवळजवळ वीस वर्षे देत आलो. मात्र त्यातली बहुतेक वर्षे चाप ही वस्तू मी कधी हातात धरलेली नव्हती.

ती धरण्याची वेळ मुलीमुळे आली. ती दहा मीटर एअर पिस्तूल या प्रकारात खेळते. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीतून वरळीची रेंज फार दूर नाही. पिस्तूल एका हाताने धरायचे, छर्रा ४.५ मिलिमीटरचा, दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे आणि ७५ मिनिटांत ६० नेम. तिचे पिस्तूल जुने, दुसऱ्याने वापरून विकलेले. आधीच्या मालकाचा हात मोठा असावा, कारण तिच्या तर्जनीचे पेर चापावर नीट टेकतच नसे. मूठ तासून झाली. मग कोणीतरी सुचवले की चापाचे पातेच बदला; वेगळ्या कारखान्यात बनणारे, वरखाली आणि पुढेमागे सरकवता येणारे पाते मिळते. ते मी मागवले. बोटाच्या नखाएवढा धातूचा तुकडा आणि त्याला आवळणारा तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू.

चाप जितका हलका तितका चांगला, अशी तोवर माझी समजूत होती. प्रत्यक्षात नियमच उलट्या दिशेने बांधलेला आहे. एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅमचा ताण असलाच पाहिजे. राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तिथे तो १००० ग्रॅम असतो. तपासणीही साधी. पिस्तूल नळी वर करून उभे धरायचे, चापाच्या मध्याजवळ वजन अडकवायचे आणि उचलायचे. वजन जमिनीवरून सुटले आणि चाप सुटला नाही, तर पास. आत दोन टप्पे असतात. पहिल्यात बोट मऊपणे मागे येते, मग एका भिंतीला टेकते, आणि त्या भिंतीवर उरलेला थोडासा भार वाढत गेला की नेम सुटतो. नेमबाजाला हलकेपणापेक्षा ती भिंत हवी असते. रोज त्याच जागी, तेवढीच जाड. वृत्तात यती जिथे अपेक्षित तिथेच यावा, तसे काहीसे. (शिक्षकाची खोड, क्षमा असावी.)

मी पाते बसवले, अ‍ॅलन कीने स्क्रू आवळला. ताण भरला ५१० ग्रॅम. मुलगी म्हणाली, "बाबा, आता बोट बरोबर बसतंय." त्या वाक्याने मला झालेला आनंद माझा प्रबंध मान्य झाला तेव्हाही झाला नव्हता.

पुढच्याच स्पर्धेत तिने ६०० पैकी ५६१ गुण केले. तिची आजवरची सर्वोत्तम धावसंख्या. सामन्यानंतर काही खेळाडूंची पिस्तुले सहज म्हणून तपासतात, त्यात तिचे नाव निघाले. वजन अडकवले, उचलले, आणि खट् असा आवाज झाला. पुन्हा उचलले, पुन्हा खट्. तिसऱ्यांदाही तेच. ती बाद झाली. पंचांनी नियमाप्रमाणे केले, बोलण्यासारखे काहीच नव्हते.

परतताना टॅक्सीत मी तिला टोकियोची गोष्ट सांगू लागलो. २५ जुलै २०२१ रोजी ऐन पात्रता फेरीत मनू भाकरचे पिस्तूल बिघडले, मिनिटांमागून मिनिटे गेली, ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली, आणि तिनेच २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले. मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तिचं पिस्तूल अडकलं होतं. माझं तर जास्तच छान चाललं होतं. शेवटी शेवटी घोडा हलका लागत होता, मला वाटलं मी रंगात आलेय." मग बऱ्याच वेळाने, खिडकीबाहेर बघत: "ते ५६१ माझे होते की त्या स्क्रूचे?" मला उत्तर देता आले नाही.

घरी अण्णा होते. माझे वडील गिरणीत मेकॅनिक खात्यात फिटर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ऐन तिशीत होते. गिरणीत परत गेले नाहीत, लहानसहान वर्कशॉपमध्ये कानस चालवत निवृत्त झाले. मी त्यांच्यासमोर यंत्राविषयी कधी बोललो नव्हतो, आणि खरे सांगायचे तर पिस्तूल त्यांना दाखवावे असे मला सुचलेही नव्हते. मराठीच्या प्राध्यापकाने जर्मन सूचनापत्रक अर्धवट समजून घेतले, पण खाटेवर बसलेल्या फिटरला विचारले नाही. ही गोष्ट लिहिताना अजूनही मान खाली जाते.

त्यांनी चष्मा पुसला, पाते दोन बोटांत धरून हलवले. ते हलले. "स्क्रू ढिला झाला नाही रे," ते म्हणाले, "तो बसलाच नव्हता. कारखान्यातलं तेल तसंच ठेवून आवळलास." झाले होते असे: साठ नेमांच्या धक्क्यांनी पाते दांडीवरून खाली सरकले होते, जेमतेम दोन मिलिमीटर. "हात लांबला. लांब हाताला जोर कमी लागतो." मी नंतर कागदावर गणित केले. खिळीपासून २० मिलिमीटरवर ५१० ग्रॅम लागत असतील, तर २२ मिलिमीटरवर साधारण ४६४ पुरतात. अण्णांनी गणित केलेच नव्हते.

मी उत्साहाच्या भरात म्हटले, आतला भाग थोडा घासला तर भिंत आणखी स्वच्छ लागेल असे म्हणतात, तुमचा हात आहेच. त्यांनी कानशीकडे पाहिलेसुद्धा नाही. "पोलादाचं वरचं कातडंच कडक केलेलं असतं. ते किती जाड आहे मला माहीत नाही. माहीत नाही तिथं कानस लावायची नाही." साचे दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस हे म्हणत होता, आणि मी आठ दिवसांत तज्ज्ञ झालो होतो.

त्यांनी स्क्रू काढून स्पिरिटने पुसला, भोकही पुसले, धाग्यांवर पकड धरणाऱ्या द्रवाचा एक थेंब सोडला आणि पाते पूर्वीच्या जागी आवळले. ताण ५३० वर आणला. "काठावर का ठेवायचं?" एवढेच बोलले. मग नातीकडे वळून म्हणाले, "तुझं ते नखाचं रंगाचं आण." तिने लाल नेलपेंट आणले. काडीच्या टोकाने त्यांनी स्क्रू, पाते आणि दांडी यांवरून एक बारीक रेघ ओढली. काहीही केसभर सरकले तर रेघ तुटलेली दिसणार. गिरणीत नटबोल्टांवर अशाच खुणा करत असत, हेही मला त्या रात्री प्रथम कळले.

पुढच्या स्पर्धेत तिने ५५२ केले. या वेळी तपासणीत तिचे नाव निघाले नाही. तिने स्वतःच जाऊन वजन उचलून पाहिले. संध्याकाळी घरी आली, बूट न काढताच पेटी उघडली आणि गुण सांगण्याआधी ती लाल रेघ अण्णांच्या चष्म्यासमोर धरली.