भिंत यायच्या आधी

इमारतीचा स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी त्या मजल्यावर गेलात, तर एक चमत्कारिक दृश्य दिसते. खाली सेंट्रिंगच्या फळ्या, त्यांवर सळयांची जाळी आणि त्या जाळीतून ठिकठिकाणी वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या नळ्या वर तोंड करून उभ्या. इथे तीन, पलीकडे एक, कोपऱ्यात पाच. नवख्याला वाटावे, कोणी गंमत म्हणून खोचून ठेवल्या आहेत. खरे तर प्रत्येक नळीची जागा इंचाने ठरलेली असते. महिन्या-दीड महिन्याने त्या जागी भिंत येणार असते आणि तिच्यातून विजेच्या तारा जाणार असतात. भिंत नाही, दार नाही, खोलीही नाही. तारांची वाट मात्र तयार!

सरांनी वर्गात ‘अध्याहृत’ या शब्दाचा अर्थ सांगितला, तेव्हा मला वरळीचा तो अर्धवट टॉवर आठवला. वाक्यात कर्ता अध्याहृत असतो, तशी तिथे भिंत अध्याहृत होती. मी हे वर्गात बोललो नाही. मागच्या बाकांवरचे लोक वर्षभर मला ‘भिंत’ म्हणून हाक मारते.

दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी मामाच्या हाताखाली हेल्पर म्हणून काम केले. मामा वायरमन आहे. आजोबा गिरणीत होते आणि मामानेही शाळा आटोपली की बदली कामगार म्हणून तिथेच चिकटायचे, हे घरात ठरल्यासारखेच होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि ते ठरलेले सगळे विस्कटले. मामा शेजारच्या चाळीतल्या एका वायरमनची पिशवी उचलून त्याच्यामागे फिरू लागला. पुढे परवाना काढला. आज साठीला आला तरी पिशवी तीच आहे की काय, अशी शंका यावी इतकी ती विटली आहे.

मामाचे सुरुवातीचे सगळे काम बीडीडी चाळींत. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत मुंबईत विकास खाते स्थापन झाले. त्याने कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचे मनात आणले आणि सोळा हजारांच्या आसपास बांधून हात टेकले. एकूण २०७ चाळी झाल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. या चाळींच्या भिंती सिमेंट-काँक्रीटच्या. खिळा ठोकला तर खिळा वाकतो, भिंत हूं की चूं करीत नाही. कॅलेंडर टांगायचे तर आधी लाकडाची खुंटी बसवावी लागे आणि त्या खुंटीसाठी अर्धा दिवस छिन्नी चालवावी लागे. अशा भिंतीत तारा लपवण्याची भाषाच नको. त्या लाकडी पट्टीवरून उघड्या जायच्या. मीटरपासून पट्टी निघाली, चौकटीवरून वळली, माळ्याखालून गेली आणि दिव्यापाशी थांबली. वीज कुठून येते आणि कुठे जाते हे चाळीतले शेंबडे पोरही बोटाने दाखवी. बिघाड झाला तर शेजारचा कोणीही स्टुलावर चढून पट्टीचे झाकण काढी. मामा म्हणतो, “ते वायरिंग दिसायला वाईट, पण खोटं बोलत नव्हतं.”

टॉवरमध्ये सगळे कन्सील. तारा भिंतीच्या आणि स्लॅबच्या पोटात. घर देखणे दिसते, पण एकदा काँक्रीट पडले की आतले काम परमेश्वरालाही दिसायचे नाही. या सगळ्या कामात अवघड जागा कोणती, असे मी पहिल्याच आठवड्यात विचारले होते. मला वाटले, तो डीबीची पेटी म्हणेल. मामाने चपलेच्या टोकाने खाली दाखवले. “इथं. जमीन संपते आणि भिंत सुरू होते तिथं.”

त्याचे कारण मला पुढे हळूहळू कळले. स्लॅबमध्ये नळी आडवी निजलेली असते. खालच्या जाळीवर तिला बाइंडिंग वायरने बांधतात, वरून दुसरी जाळी येते, म्हणजे ती दोन्हींच्या मध्ये सुरक्षित. भिंतीत नळी उभी असते. तिथे झिरी पाडतात, दर दोन फुटांवर आकडा मारतात आणि गिलाव्याने बुजवतात. दोन्हीकडे तिला आधार आहे. पण आडवीची उभी होते, त्या कोपऱ्यात तिला कोणी नाही. खालचे काँक्रीट उद्या पडणार, वरची भिंत पुढच्या महिन्यात येणार. मधल्या काळात ती नळी एकटी उभी. तिच्यावरून फिटर सळई ओढत नेतो, बिगारी अडखळतो, पंपाचा जाडजूड पाइप काँक्रीट ओकताना तिला धक्का देतो, व्हायब्रेटर तिला हलवतो. मेच्या उन्हात प्लास्टिक आधीच नरम झालेले. सकाळी ओळंब्यात असलेली नळी संध्याकाळी दारुड्यासारखी कललेली असते आणि तोवर काँक्रीटने तिचे पाय धरलेले असतात.

आणि भिंत किती जाडीची? आतली भिंत बहुधा चार इंची ठोकळ्यांची. नळी एक इंचाची. म्हणजे इकडेतिकडे व्हायला फार तर दीड इंच. त्याहून सरकली की ती भिंतीबाहेर, खोलीत उभी राहणार.

म्हणून मामा आधी भिंत आखतो. नसलेली भिंत! नकाशा गुडघ्यावर उघडायचा, कॉलमच्या कडेपासून टेप धरायची, निळ्या भुकटीची दोरी ताणून फळ्यांवर रेघ मारायची. सळया अंथरल्या की ती रेघ झाकली जाते, म्हणून पुन्हा वरून मोजायचे. मग नळीत स्प्रिंग घालून ती गुडघ्यावर सावकाश वाकवायची. वळण साडेसात सेंटीमीटर त्रिज्येहून तंग नको. तंग झाले तर नळी चपटते, आणि तार ओढताना तिची साल निघते. तयार एल्बो मिळतो, तो लावला की पाच मिनिटे वाचतात; मामा तो या जागी लावू देत नाही. वळणाच्या वरचा आणि खालचा भाग अखंड नळीचाच हवा, जोड नको. स्लॅब आणि भिंत ही दोन वेगळी माणसे आहेत, असे त्याचे म्हणणे. स्लॅब वर्षानुवर्षे किंचित वाकत राहतो, भिंत आपल्या गतीने सुकते, आणि दोघांचे पटले नाही की भेग बरोबर त्यांच्या सांध्यावर येते. नळीचा जोड तिथेच असला तर तोही उकलतो.

नळी वाकवून झाली की वेलीला काठी द्यावी तशी तिला सळईच्या तुकड्याची काठी द्यायची. काठी जाळीला दोन ठिकाणी पक्की बांधायची, नळी काठीला वळणाच्या खाली आणि वर. चार-पाच नळ्या एकत्र असतील तर भोके पाडलेली लाकडी पट्टी वरून घालायची, म्हणजे त्या कंगव्याच्या दातांसारख्या सरळ आणि वेगवेगळ्या राहतात. उंची वीतभर, कारण लाद्या आणि त्यांखालचा माल दोन-तीन इंच खाणार. शेवटी तोंडात चिंधी कोंबून वरून चिकटपट्टी. हे काम माझे होते. चमचाभर सिमेंटचे पाणी आत गेले आणि वळणावर थिजले की संपले, असे मला बजावलेले होते. मी इतक्या चिंध्या कोंबल्या की आईची दोन जुनी पातळे त्यात गेली.

दुसऱ्या सुट्टीतली एक संध्याकाळ मात्र सांगितली पाहिजे. आमचा मजला तयार होता, रात्री काँक्रीट पडायचे होते. दुपारी चारला सुधारलेला नकाशा आला: डीबीची भिंत सहा इंच आत. त्या भिंतीत आठ नळ्या होत्या. आठही आता खोलीत उभ्या राहणार होत्या. आम्ही त्या सोडवायला घेतल्या तेव्हा अंधार पडत होता. सुपरवायझर, मामापेक्षा निम्म्या वयाचा, म्हणाला, “काका, राहू द्या. सगळ्या एकत्र मुळी करून बीमलगत दाबा. भिंत आली की वाकवून घेऊ.”

मामा म्हणाला, “साहेब, मुळी केली तर मधे काँक्रीट शिरणार नाही. पोकळी राहील. आणि ती कुठं, तर स्लॅब बीमवर टेकतो तिथंच.”

मामाने हे कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. पुढे मीच शोधले, तेव्हा अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या जुन्या नियमावलीत सापडले: स्लॅबमधल्या दोन नळ्यांत, मध्यापासून मध्यापर्यंत, नळीच्या जाडीच्या तिप्पट अंतर हवे. मामाच्या लाकडी पट्टीवरची भोके मी मोजून पाहिली. तीन इंच.

खाली फाटकाशी पहिला मिक्सर येऊन उभा राहिला. तयार काँक्रीटचे आयुष्य तसे लहान. कारखान्यात भरल्यापासून साधारण दोन तासांत ते ओतावे लागते. सुपरवायझर घड्याळ दाखवू लागला, मग ओरडू लागला. मामा खाली बसून एकेक तार कापत आणि पुन्हा पिळत राहिला. मी बॅटरी धरली होती. समोर नव्या इमारतींच्या फटीतून सी-लिंकचे दिवे दिसत होते आणि माझे हात थरथरत होते, कारण खालून कोणी तरी मोठा साहेब वर येत असल्याचा निरोप आला होता. साहेब आला, मामाकडे पाहिले, काही न बोलता गेला. आठवी नळी बांधून झाली तेव्हा तासाहून अधिक वेळ गेला होता. मिक्सर परत गेला. दुसरा आला, स्लॅब पडला, नळ्या हलल्या नाहीत.

मिक्सरचे पैसे मामाच्या बिलातून कापले गेले. नकाशा दुपारी बदलला, हे कोणी हिशेबात धरले नाही. पुढच्या मजल्यापासून काम दुसऱ्या ठेकेदाराकडे गेले. त्या वर्षी माझी फी मामा भरणार होता. ती आईने भिशी लवकर उचलून भरली. मामी महिनाभर मामाशी कामापुरतेच बोलत होती आणि तिचेही चुकले असे मला वाटत नाही.

वरच्या मजल्याची हकीकत आम्हाला एका गवंड्याने सांगितली. तिथे नळ्या मुळी करूनच दाबल्या होत्या. भिंत आली तेव्हा त्या हातभर बाजूला निघाल्या. मग जमीन फोडली, नळ्या दिव्याने तापवून वाकवल्या, त्या चपटल्या. तार जाईना. अखेर त्या लाखमोलाच्या दिवाणखान्यात भिंतीवरून प्लास्टिकची पट्टी मारून तारा उघड्या नेल्या. मी हसलो. म्हटले, “मामा, टॉवरची चाळ झाली!” मामा हसला नाही. म्हणाला, “पट्टीचं काय वाईट? ती दिसते तरी. फोडताना सळई उघडी पडली असेल, ती त्यांनी नीट झाकली का, ते विचार.” गवंड्याला ते माहीत नव्हते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ५०० चौरस फुटांचे घर, संडास घरात. आमच्या ओळखीच्या एका आजीला त्यात घर मिळाले. तिने मामाला मुद्दाम बोलावून घेतले आणि भिंतींकडे संशयाने पाहत विचारले, “वायर कुठाय रे?” सगळा जन्म तिने तार डोळ्यांनी पाहिलेली, न दिसणाऱ्या विजेचा तिला धाक वाटत होता. बाबासाहेबांची तसबीर लावायची होती आणि ड्रिलवाला दारात उभा होता.

मामा भिंतीपाशी उकिडवा बसला. जमिनीलगतच्या पट्टीवर त्याने बोटांनी टकटक केले, मग बटणांच्या पेटीपासून सरळ वर आणि सरळ खाली पेन्सिलीने रेघ ओढली. “आजी, चांगल्या कारागिराची नळी तिरकी जात नाही. या रेघेच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोड. बाकी भिंत तुझी.”

आजीने ड्रिलवाल्याला आत घेतले, पण रेघेपासून वीत नव्हे, चांगला हातभर लांब.

मामाला आता प्रभादेवीला दुसरे काम लागले आहे. त्याच्या हाताखाली बिहारचा एक मुलगा आहे. चिंध्या तोच कोंबतो. माझी परीक्षा जवळ आल्यामुळे मला या सुट्टीत जाता येईल असे दिसत नाही.