अब्बांचं इल्म

हिंगोलीला सवारी नेणाऱ्या आमच्या जीपचं पुढचं चाक घरघरू लागलं, की अब्बा ते गोरेगावात दारातच खोलत. मागच्या चाकांना दगड, पुढे जॅक. हब काढून जुनं ग्रीस घासलेटनं धुवायचे. नुसतं बेरिंग बदलत नसत, हबमधला कपही ठोकून नवा बसवत. मग चाक फिरवत नट कसायचा आणि किंचित सैल करायचा. जास्त कसला तर बेरिंग तापून जळतं, सैल राहिला तर चाक डुगडुगतं.

अब्बांना अक्षर येत नव्हतं. ते माप बोटांत होतं. आता बऱ्याच गाड्यांत बंदिस्त बेरिंग येतं, ते अनेकदा प्रेसशिवाय बसत नाही. आपण शिक्षण मोजतो ते शाळा-मदरशांतलं. कारागिरांचं हे इल्म मात्र त्यांच्यासोबतच कबरीत जातं.