पैठणची गारगोटी आणि खंबायतची झिलई

नदीच्या पाण्यात ओली असता रत्नासारखी दिसणारी गारगोटी हौसेने घरी आणावी आणि कोरडी होताच ती धुरकट, निस्तेज दिसू लागावी, हा अनुभव ज्याने बालपणी घेतला नाही असा वाचक विरळाच. गेल्या वैशाखात आम्ही नाशिकहून सहकुटुंब पैठणास नाथांच्या दर्शनास गेलो होतो. दर्शन आटोपल्यावर गोदावरीच्या ओसरलेल्या पात्रात मुलांबरोबर फिरत असता आमच्या दहा वर्षांच्या नातवाने रुमालभर गारगोट्या वेचल्या. काही मधासारख्या पिवळ्या, काही तांबूस, काहींवर पांढऱ्या रेघांची वर्तुळे. घरी येऊन रुमालाची गाठ सोडली मात्र, तो रडकुंडीस आला. म्हणाला, “आजोबा, हे माझे दगड नव्हेत. कोणीतरी बदलले!”

पस्तीस वर्षे शाळेत घालविलेल्या माणसास असा प्रश्न म्हणजे पर्वणीच. आम्ही त्यास वाटीभर पाणी आणावयास सांगितले आणि एक खडा त्यात टाकला. गेलेला रंग परत आला. दगडाच्या पाठीवर डोळ्यांस न दिसणारे असंख्य खाचखळगे असतात. त्यांवर पडणारा प्रकाश इतस्ततः विखुरतो, म्हणून दगड मंद दिसतो. पाणी ते खळगे भरून काढते आणि आतला रंग उघडा पडतो. सारांश, झिलई म्हणजे कधी न वाळणारे पाणी! पाण्याने जे क्षणभर साधते ते घासून कायमचे साधावयाचे, एवढेच त्यातले मर्म होय.

नातवाचे समाधान झाले. पण त्यास आता ते कायमचे पाणी हवे होते. चिरंजीवांनी दगड घोटण्याचे एक लहान यंत्र आणून दिले. यास टंबलर म्हणतात. आडवे ठेवलेले एक लहानसे पिंप, खाली दोन रूळ आणि रूळ फिरविणारी विजेची मोटार, एवढाच त्याचा संसार. आम्ही आणलेले यंत्र खेळण्यातलेच होते. पिंप कडक प्लास्टिकचे असल्यामुळे आत दगड आपटू लागले की सांडगे भरलेला डबा कोणी रात्रभर खुळखुळवीत आहे असे वाटे. आमचे कुटुंब तीन रात्री जागे राहिले आणि चौथ्या दिवशी यंत्राची रवानगी गच्चीवर झाली. तेथे आठवडाभरात मोटार तापून बंद पडली. तेव्हा चिरंजीवांनी घाई करून फिरत्या चाकाचे घासण्याचे हत्यार आणले, आणि रविवारी सकाळी गच्चीवर बापलेक कोरडेच दगड घासू लागले. गच्चीतल्या तुळशीवर पांढरी पूड बसली. ती आम्हीच फडक्याने झटकली. हा प्रकार वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मध्यंतरी आमच्या वाचनात एक जुनी हकीकत आली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नामक प्रवासवर्णनात पैठणचा उल्लेख आहे. भरूच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असून तेथून गाड्यांत घालून, रस्ते नसलेल्या मुलुखातून, अकीकाच्या जातीचे दगड विपुल प्रमाणात बंदरावर येतात, असे तो सांगतो. ज्या दगडांपायी नातू रडला, त्याच जातीचे दगड दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या पैठणाहून भरूचच्या वाटेने परदेशी जात होते! मग ज्या प्रांती या दगडांची कला आजही जिवंत आहे तेथे जाऊनच ती का पाहू नये, असे आमच्या मनाने घेतले. दिवाळीच्या सुटीत नातवास आणि त्याच्या रुमालास बरोबर घेऊन आम्ही निघालो.

नाशिकहून सापुताऱ्याचा घाट उतरून सुरत, आणि सुरतेहून आगगाडीने आणंद, असा आमचा मार्ग होता. भरूचजवळ गाडी नर्मदेच्या पुलावर आली तेव्हा आम्ही हात जोडले. शाळेत एखाद्या मंद मुलास ‘नर्मदेतला गोटा’ असे आम्ही किती वेळा म्हटले असेल! पाणी किती वाहिले तरी आत शिरत नाही, हा त्यातला टोमणा. परंतु खिडकीतून पाहता मनात आले की तो गोटा गुळगुळीत झाला कसा? पाण्याने, वाळूने आणि इतर गोट्यांच्या संगतीनेच ना? पाण्याने आपले काम केले होते. आम्हीच ते चुकीच्या ठिकाणी शोधीत होतो. निवृत्तीनंतर सुचलेले हे शहाणपण आता कोणत्या विद्यार्थ्याच्या कामी यावे?

नर्मदेच्या दक्षिणेस झगडिया तालुक्यात रतनपोर नावाचे गाव आहे. तेथील टेकड्यांच्या परिसरातून अकीक खणून काढतात आणि तो खंबायतेस येतो. जवळच्या टेकडीवर बावा घोर या सिद्दी संताचा दर्गा असून अकीकाच्या धंद्याशी त्याचे नाव जोडले गेले आहे. आपल्या दख्खनच्या पठारावरील अकीकाचे मूळ अग्नीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे थरांवर थर साचले. त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि झिरपणाऱ्या पाण्यातली सिलिका त्या पोकळ्यांत थराथराने साठत गेली. खडक झिजून गेला, ही कठीण गाठ मात्र उरली आणि नदीनाल्यांनी वाहून नेली. दगडावरील रेघांची वर्तुळे ही त्या थरांचीच खूण होय.

आणंदहून खंबायत सुमारे पन्नास किलोमीटर. एके काळी जगातील गलबते जेथे नांगर टाकीत ते बंदर गाळाने भरून गेले, समुद्र दूर सरला. कारागीर मात्र राहिले. आम्हांस एक वृद्ध कारागीर भेटले. गुजरातीत आजोबांस ‘दादा’ म्हणतात, म्हणून नातवानेही त्यांस दादाच म्हटले आणि ओळखपाळख संपली! दादांनी सारी कृती क्रमाने दाखविली. प्रथम दगड उन्हात सुकवावयाचा, मग मातीच्या भांड्यात घालून मंद आचेवर भाजावयाचा. भाजल्याने त्यातील लोहाचा अंश पालटून पिवळा दगड तांबडा होतो आणि फोडावयासही सोपा जातो. मग जमिनीत तिरप्या रोवलेल्या अणकुचीदार लोखंडी गजावर तो टेकवून शिंगाच्या हातोडीने टवके उडवावयाचे. शिंग लोखंडाहून मऊ, म्हणून घाव बेताचा बसतो. खंबायतच्या आखाताजवळच लोथल येथे १९५५ पासून झालेल्या उत्खननात चार हजार वर्षांपूर्वीचा मण्यांचा कारखाना आणि भट्टी सापडली आहे. तेथील कारागिरांचीही हीच परंपरा होती, हे ऐकून नातवाने हातोडी दोन्ही हातांनी धरून पाहिली.

“आणि झिलई?” आम्ही विचारले. दादांनी पूर्वीची रीत सांगितली. चामड्याच्या मजबूत थैलीत मणी, कुरुंदाची पूड आणि पाणी घालून तोंड शिवून टाकीत. मग दोन माणसे दोन टोकांस बसून दोरीच्या योगे ती थैली दहा-पंधरा दिवस इकडून तिकडे लोळवीत. आज थैली जाऊन मोटारीवर फिरणारी पिंपे आली आहेत. पण दगडाने दगडास पाण्यात घासावयाचे, हे तत्त्व तेच. आमचे यंत्र म्हणजे त्या चामड्याच्या थैलीचे पणतवंड!

बोलता बोलता ओसरीवरील खाटेकडे नातवाचे लक्ष गेले. पस्तिशीचा एक गृहस्थ तेथे टेकून बसला होता. आम्ही आल्यावर त्याने हात जोडले, पण बोलला नाही. “हे का बोलत नाहीत?” नातवाने विचारले. दादा म्हणाले, “माझा पुतण्या. बोलला की धाप लागते. लहानपणापासून चाकावर मणी घासले. मागणी वाढली की घाई होते, आणि घाई झाली की कोरडे घासतात.”

अकीक म्हणजे सिलिका. कोरड्या चाकावर तो घासला की त्याची डोळ्यांस न दिसणारी धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसते. तेथे व्रण होतात आणि ते फुप्फुस हळूहळू ताठत जाते. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. तो टाळता येतो, बरा करता येत नाही, आणि त्याच्या पाठोपाठ क्षयाचेही भय असते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने येथील कारागिरांची तपासणी केली आहे. चाकावर बसणाऱ्यासच नव्हे, तर त्या घरच्या माणसांस आणि शेजाऱ्यांसही ही धूळ सोडीत नाही.

आम्हांस गच्चीवरची तुळस आठवली. झटकलेली पूड आठवली आणि तिच्याशेजारी नाकाशी काहीही न धरता उभा असलेला नातू आठवला. दादांसमोर आम्ही ती गोष्ट सांगितली. ते रागावले नाहीत. चार रविवारांनी काही होत नाही, असा त्यांनी धीर दिला आणि एवढेच म्हणाले, “मास्तरसाहेब, तुम्हांस तर पोट भरावयाचे नाही. मग तुम्हांस कसली घाई?” या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. निघताना नातवाने खाटेजवळ जाऊन वाकून नमस्कार केला. त्या गृहस्थाने आपला हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तो तेथेच राहू दिला.

घरी परतल्यावर पहिले काम हे केले की ते फिरते चाक कुलपात टाकले. दुसरे यंत्र मात्र विचारपूर्वक घेतले. ज्यांना मुलांसाठी हा उद्योग आरंभावयाचा असेल त्यांच्या उपयोगासाठी आमचा अनुभव येथे देतो.

यंत्रे मुख्यतः दोन जातींची. गोल फिरणारे यंत्र नदीचे काम करते. ते कोपरे झिजवून दगडास गोलाई आणते, त्यात बिघडण्यासारखे थोडे आणि किंमतही बेताची. मात्र महिनाभर धीर हवा. दुसरे थरथरणारे यंत्र काम बरेच लवकर करते आणि दगडाचा मूळ आकार राखते. पण ते महाग असून त्यावर वरचेवर लक्ष ठेवावे लागते. नवशिक्याने पहिलेच घ्यावे. पिंप रबराचे किंवा आतून रबर लावलेले असावे, म्हणजे घरातल्यांची झोप मोडत नाही. सुमारे दीड किलो माल मावेल एवढे पिंप घरास पुरे. मोटार दिवसरात्र अखंड चालण्याजोगी आहे, आणि पट्टा व झाकणाची रबरी कडी सुटी मिळते, याची खात्री करूनच पैसे मोजावे.

दगड सारख्या कठीणपणाचे निवडावे. चाकूच्या पोलादी टोकाने ज्यावर ओरखडा उठतो तो बाजूस काढावा. अकीकावर तो उठत नाही. आमच्या पहिल्या प्रयोगात कॅल्साइटचा एक सुंदर खडा अकीकाबरोबर गेला आणि त्याचा गाळ झाला. आपल्याकडे खडकात सापडणारे स्टिल्बाइटादी नाजूक स्फटिक तर कधीही पिंपात घालू नयेत. ते आहेत तसेच शोभतात. लहानमोठे दगड मिसळून पिंप दोन तृतीयांश ते पाऊण भरावे, वरचा थर जेमतेम उघडा राहील इतके पाणी घालावे आणि चार मोठे चमचे जाड पूड टाकावी. ही पूड सिलिकॉन कार्बाइडची असते. तिच्यावरील आकडा जितका मोठा तितकी ती बारीक. पहिला आठवडा ६०/९०, दुसरा १२०/२२०, तिसरा ५०० आणि चौथा झिलईची अॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड, असा क्रम आहे. पहिल्या पायरीत दगड मनासारखा गोल झाला नाही तर तीच पुन्हा करावी. खालच्या इयत्तेत कच्चा राहिलेला वरच्या इयत्तेत सुधारत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. प्रत्येक पायरीनंतर दगड, पिंप आणि झाकण यांस सोवळ्यातल्या भांड्यांप्रमाणे निर्मळ धुवावे. जाड पुडीचा एक कण राहिला तरी पुढच्या झिलईवर ओरखडे पडतात.

धुतलेला गाळ मोरीत मात्र ओतू नये. आम्ही ओतला, तो सिमेंटासारखा बसला आणि सूनबाईंस दोन दिवस मोरी बंद ठेवावी लागली. तो बादलीत निवळू द्यावा, वरचे पाणी काढावे आणि गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून टाकावा. वाळला की त्याचीही तीच धूळ होते. आणि दगड वेचताना लोभ नसावा, मूठभर पुरेत. पैठणसारख्या प्राचीन स्थळी उत्खनन झालेल्या वा संरक्षित जागेतून एक खडाही उचलू नये.

पौषात आमचे पिंप चवथ्यांदा उघडले. नातवाच्या रुमालातील एकतीस गारगोट्यांपैकी एकोणीस उत्तम निघाल्या. बाकीच्यांत जुन्या चिरा होत्या, त्या तुळशीच्या आळ्यात ठेवल्या. नातवाने एक खडा फडक्याने कोरडा पुसला, पुन्हा पुसला आणि उजेडात धरला. रंग गेला नाही. त्या एकोणिसांतील सर्वांत चांगला, मधाच्या रंगाचा खडा त्याने निराळा काढून कागदात गुंडाळला. वर खंबायतचा पत्ता आम्ही घातला. आत चिठ्ठी त्याने स्वतः लिहिली. तीत एवढेच होते: “दादा, हा पैठणचा आहे. काकांना दाखवा. आम्ही तो पाण्यातच घासला आहे.”