व्हाइटमच्या जंगलातल्या पेट्या

ऑक्सफर्डला गेलेले लोक कॉलेजांच्या दगडी मनोऱ्यांचे फोटो आणतात. माझ्याकडे आहेत ते झाडाला टांगलेल्या पेट्यांचे. २०२५ च्या एप्रिलमध्ये कंपनीच्या कामासाठी दोन आठवडे लंडनला होतो. धाकटी बहीण तेव्हा ऑक्सफर्डला जैवविविधता आणि संवर्धन या विषयात एक वर्षाचं एमएससी करत होती. शनिवारी तिच्याकडे गेलो, तर मॅडम म्हणाल्या, "दादा, कॉलेजं संध्याकाळी बघू. आधी जंगल."

शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर हे जंगल आहे. स्पेलिंग बघून आपण 'विथम' म्हणू, पण तिथले लोक 'व्हाइटम' म्हणतात. साधारण हजार एकर, १९४२ पासून विद्यापीठाच्या मालकीचं. आपल्या गीरसारखं काही मनात आणू नका. सिंह नाही, बिबट्या नाही. ओक आणि अॅशची झाडं, खाली ब्लूबेलची निळी फुलं आणि चिखल. बूट तिने आधीच मागून ठेवले होते.

इथे बघायचं ते एका छोट्या पक्ष्याचं बिऱ्हाड. ग्रेट टिट म्हणजे चिमणीएवढा पक्षी. काळं डोकं, पांढरे गाल, पिवळं पोट. डेव्हिड लॅक या शास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये इथे शंभरेक पेट्या लावून त्याचा अभ्यास सुरू केला. आज पेट्या हजाराच्या वर आहेत, आणि प्रत्येक वसंतात कोणीतरी चालत जाऊन प्रत्येक पेटी उघडतं. घरटं किती झालं, पहिलं अंडं कधी आलं, किती अंडी, किती पिल्लं, सगळं लिहिलं जातं. पिल्लं पंधरा दिवसांची झाली की पायात नंबराची कडी. बहीण त्या टीमला मदत करायला जायची. पेटी उघडायचं काम परवानगी असलेल्यांचं, म्हणून मी चार पावलं मागे उभा होतो. आत आठ अंडी होती. पांढरी, तांबूस ठिपक्यांची. तिने आकडा लिहिला, झाकण लागलं, पुढची पेटी. एवढंच. दिवसभर एवढंच.

पहिल्या दहा पेट्यांनंतर मला कंटाळा आला, खोटं कशाला सांगू? मग तिने ओकच्या कोवळ्या पानावरची अळी दाखवली. अळ्या पालवी खातात आणि पक्षी पिल्लांना अळ्या भरवतात. अळ्यांचा भर जेमतेम काही आठवडे असतो. पिल्लं बरोबर तेव्हाच भुकेली हवीत, म्हणजे अंडी त्याच्या महिनाभर आधी घालायला हवीत. वसंत लवकर उबदार होऊ लागला, पालवी आणि अळ्या लवकर येऊ लागल्या, तशी या पक्ष्यांची अंडीही साठच्या दशकाच्या मानाने सुमारे दोन आठवडे आधी येऊ लागली. हवामान बदलाबद्दल आपण इतकं ऐकतो, पण मला तो पहिल्यांदा तारखांच्या रकान्यात दिसला.

आणखी एक गोष्ट माझ्यातल्या इंजिनिअरला फार आवडली. पूर्वी पेट्या लाकडी होत्या. वीझल नावाचा दिसायला मुंगसासारखा, पण अगदी बारका प्राणी त्यात शिरून पिल्लं खायचा. सत्तरच्या दशकात लाकडाचा भुसा आणि सिमेंट यांच्या टांगत्या पेट्या आल्या आणि पिल्लं वाचू लागली. म्हणजे त्याआधीचे आणि नंतरचे आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत, आणि हे तिथे शिकवलं जातं. आमच्याकडे पाच वर्षांपूर्वीचा डेटा मिळाला तरी कॉलमचा अर्थ सांगणारा माणूस कंपनी सोडून गेलेला असतो!

परतीच्या बसमध्ये खरा विषय निघाला. तिला फेलिक्स शिष्यवृत्ती मिळाली नव्हती. शिक्षण कर्जावर चाललं होतं. (आपल्याकडे देहरादूनचं भारतीय वन्यजीव संस्थान आणि बंगळूरूचं एनसीबीएस इथेही एमएससी होतं, पण जागा मोजक्या.) बरोबरचे बरेच जण पीएचडीचे अर्ज भरत होते. ही म्हणाली, मी बडोद्याला परत येणार.

"इथला हा एकोणऐंशीवा हंगाम आहे, दादा. माझ्यावाचून काही अडत नाही. विश्वामित्रीवर अडतं."

२०२४ च्या ऑगस्टमधला पूर आपण कोणीच विसरलेलो नाही. सोसायट्यांमधून मगरी पकडून न्याव्या लागल्या होत्या. त्यानंतर नदी खोल आणि रुंद करायचं काम निघालं, आणि आम्ही बसमध्ये बोलत होतो तेव्हा ते चालूच होतं. मगर काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. पिल्लं पावसाच्या आधी बाहेर येतात. मशीनही त्याच दिवसांत काठावर. पूर नको हे तिलाही मान्य, आमच्याच गल्लीत पाणी होतं. तिचं म्हणणं इतकंच की कुठल्या काठावर किती घरटी होती आणि पुढच्या वर्षी किती राहिली, हे दरवर्षी एकाच पद्धतीने कोणीतरी लिहायला हवं.

बाबांचा प्रश्न मात्र साधा होता: "हप्ता कोण भरणार?" मला तो चुकीचा वाटत नाही. मी तिला म्हटलं, आधी दोन वर्षं पगाराची नोकरी, नदी शनिवार-रविवारी. ती चिडली. मग म्हणाली, चालेल, पण फेब्रुवारी ते जून सुट्ट्या माझ्या.

डेटा भरायचं अॅप मी करून देणार आहे. सध्या आमचं भांडण कॉलमवर चाललंय. मी बारा म्हणतो, ती एकतीस.