एक किलोमीटरची अट

दिघ्यात आमच्या चाळीसमोर रिक्षा लावणारे काका एप्रिल २०२४ मध्ये म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना? नातीचा आरटीईचा फॉर्म भर." बसलो. फेब्रुवारीतच सरकारने नियम बदललेला. खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला २५ टक्के राखीव जागांतून सूट. आम्हा प्रोग्रामरच्या भाषेत 'इफ'ची एक ओळ! पण तेवढ्याने चाळीतली पोरं इकडे, टॉवरमधली तिकडे. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाची स्थगिती आली, फॉर्म पुन्हा भरला. जुलैत नियमच रद्द झाला. काका खूश.

मी मात्र गप्प. स्वतः पालिकेच्या शाळेत शिकलो, पण मुलीला तिथे घातलं नाही. किलोमीटर मीही मोजलाच की. असो.