जळगांवची रंगभूमि आणि खिशांतली रंगभूमि

जळगांव म्हटलें म्हणजे वाचकांच्या मनांत सोनें, केळीं आणि भरिताचीं वांगीं हींच प्रथम येतात. आश्विन संपत आला असतां आम्ही धुळ्याहून पारोळें, एरंडोल, पाळधी या वाटेनें तेथें गेलों. दुतर्फा कपाशी, आणि ऊन असें कीं कोणाशीं बोलणेंहि नकोसें व्हावें. परंतु या खेपेस आमचें जाणें झालें तें नाटकासाठीं.

येथील खुल्या नाट्यगृहास बालगंधर्वांचें नांव आहे, व तें उगीच दिलेलें नाहीं. 1888 सालीं जन्मलेले नारायण राजहंस लहानपणीं कांहीं काळ जळगांवीं होते आणि मेहबूबखां नांवाच्या उस्तादांपाशीं गाणें शिकले. 1905 सालीं ते किर्लोस्कर मंडळींत गेले. पुढची हकीकत वाचकांस ठाऊकच आहे.

यंत्र आणि रंगभूमि यांचें भांडणहि त्याच काळापासूनचें. 'वन्समोअर'च्या गजरांत लांबत जाणारें पद ग्रामोफोनच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत कोंबावें लागे. तरी नाटकगृहाची पायरी न चढलेल्या घरांतून तें गाणें पोंचलें तें त्या तबकडीमुळेंच. पुढें 1931 सालीं 'आलम आरा' व 1932 सालीं 'अयोध्येचा राजा' हे बोलपट आले, आणि गांवोगांव फिरणाऱ्या नाटक मंडळ्या मोडूं लागल्या. 1935 सालीं खुद्द बालगंधर्वच प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ होऊन पडद्यावर आले! मात्र बोलपटासाठींहि घरांतून उठून, तिकीट काढून, चार लोकांशेजारीं बसावें लागे. आतांचें यंत्र तेवढाहि त्रास देत नाहीं. तें खिशांत असतें.

या खिशांतल्या रंगभूमीचें खान्देशाशीं नातें विलक्षण आहे. धुळ्याजवळच्या मालेगांवीं 2000 सालीं नासिर शेख यांनीं साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगांव के शोले' काढला. त्याच मुलुखांतील 'खान्देश का छोटूदादा' याचे विनोदी खेळ आज यूट्यूबवर कोट्यवधि वेळां पाहिले जातात. अहिराणीचेंहि तसेंच. जिला शिकलेल्या घरांतून 'अशुद्ध' म्हणून हंसत, ती बोली 'हाई झुमका वाली पोर'सारख्या गाण्यानें पुण्यामुंबईच्या लग्नांतून वाजूं लागली. आम्हां पांढरपेशांस हें रुचो वा न रुचो, डफावर वही गाणाऱ्यांस जो श्रोता एका गांवांत मिळे, तो आतां यंत्रावर सर्व मुलुखांत मिळतो. एवढेंच कीं तो टाळी देतो ती गायकास ऐकूं येत नाहीं.

ही न ऐकूं येणारी टाळी 2020 सालीं सर्वच नटांस भोगावी लागली. मार्चमध्यें नाट्यगृहें बंद झालीं. जुलैमध्यें हृषीकेश जोशी यांनीं 'मोगरा' हें नाटक नटांना आपापल्या घरीं बसवून पडद्यावर आणलें आणि त्या प्रकारास 'नेटक' असें नांव दिलें. नांव आम्हांस आवडलें. नोव्हेंबरमध्यें अर्ध्या खुर्च्यांवर दारें उघडलीं, पुन्हां मिटलीं, आणि 22 ऑक्टोबर 1921 नव्हे, 2021 रोजीं पुन्हां उघडलीं. शतकाचा घोटाळा व्हावा इतका तो काळ लांब वाटला.

दारें उघडलीं तरी यंत्र आंत शिरलेलेंच असतें. 2019 सालीं नाशकास प्रेक्षकांतला भ्रमणध्वनि वाजत राहिल्यामुळें सुमीत राघवन यांनीं 'नॉक नॉक सेलिब्रिटी'चा प्रयोग मध्येंच थांबविला होता. जळगांवच्या 'परिवर्तन' संस्थेचें 'नली' हें एकलनाट्य घ्या. श्रीकांत देशमुखांच्या लेखनावरून शंभू पाटील यांनीं तें केलें. रंगमंचावर हर्षल पाटील एकटेच. असल्या खेळांत एक घंटी वाजली कीं सारें गांवच नाहींसें होतें.

आमचे यजमान एके काळीं राज्य नाट्यस्पर्धेंत कामें करीत. आतां तरुणांस शिकवितात. त्यांच्या नाटकांतले दोघे नोकरीनिमित्त पुण्यास आहेत. पूर्वीं गांव सोडलेला नट म्हणजे गेलेला नट. आतां रात्रीं दहा वाजतां दोघे पडद्यावर उगवतात व तालीम होते. आम्हीं ती पाहिली. वाक्य पलीकडून क्षणभर उशिरा येई. भांडणाच्या प्रवेशांत एकानें दुसऱ्याचें बोलणें तोडावयाचें, तेथें दोघेहि सभ्य गृहस्थांसारखे परस्परांची वाट पाहात! यजमान वैतागून म्हणाले, "अरे, भांडण आहे, पत्रव्यवहार नव्हे."

त्यांचा नातू मात्र तालमींतलें अर्ध्या मिनिटाचें चित्रण रोज इन्स्टाग्रामवर टाकतो. आजोबांस तें पसंत नाहीं. खेळाआधींच खेळ फुटतो, असें त्यांचें म्हणणें. नातवाचें म्हणणें, त्याच्या कॉलेजांतली मुलें येणार तीं तेवढें पाहूनच. आम्हांस नातवाचा पक्ष खरा वाटला. पण भांडणाचा प्रवेश त्यांत घालूं नये, इतकें आम्हीं सुचविलें.

तो प्रवेश समोरासमोर उभे राहिल्यावांचून बसावयाचा नाहीं, हें आतां सर्वांसच पटलें होतें. पुण्याचे दोघे शनिवारीं सकाळीं महाराष्ट्र एक्सप्रेसनें उतरणार होते. आम्ही निघालों तेव्हां यजमानीणबाई कळण्याच्या भाकरीचें पीठ दळून आणावयास सांगत होत्या, आणि यजमान दिवाणखान्यांतल्या खुर्च्या भिंतीशीं लावून मधली जागा पावलांनीं मोजीत होते.