आई, जपान आणि माझी एक्सेल शीट

परदेशात फिरायला जायचं म्हटलं की माणसांचे दोन प्रकार पडतात. 'बघू तिथे गेल्यावर' म्हणणारे आणि एक्सेल शीट बनवणारे. मी दुसऱ्या प्रकारातली. हिंजवडीत नऊ वर्षं प्रोजेक्ट प्लॅन बनवणाऱ्या मुलीकडून तुम्ही दुसरी काय अपेक्षा करणार? २०२४च्या नोव्हेंबरमध्ये आईला जपानला घेऊन गेले, तेव्हा माझ्या शीटमध्ये आठ दिवस, तासातासाचे कॉलम आणि चार रंग होते.

आई भूगोलाची निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं तिने फळ्यावर जपानची बेटं काढली. होक्काइदो, होन्शू, शिकोकू, क्यूशू. निवृत्तीनंतर बाबांबरोबर तिथे जायचं ठरलं होतं. बाबा गेले आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. शेवटी मीच तिला न विचारता बेत आखला. ती फक्त एवढंच म्हणाली, "तुला सुट्टी मिळेल ना गं?"

शीटचा पहिला भाग सॉलिड जमला, हे मान्य करायलाच हवं. तुम्ही जाणार असाल तर हे घ्या, फुकट. जपानला जाणारा प्रत्येक जण सुचवतो तो जेआर पास डोळे मिटून घेऊ नका. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाला. टोकियो-क्योटो बुलेट ट्रेनचं एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येन. नुसतं जाऊन-येऊन करणाऱ्याचे पैसे वसूल होत नाहीत. शहरात फिरायला सुइका नाहीतर पास्मो कार्ड घ्या. लोकल, मेट्रो, बस, कोपऱ्यावरचं चोवीस तास उघडं दुकान, सगळीकडे नुसतं टेकवायचं.

मोठ्या बॅगा घेऊन स्टेशनचे जिने चढू नका. 'ताक्क्युबिन' नावाची झकास सोय आहे. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, टोकियोहून दिलेली बॅग साधारण दुसऱ्या दिवशी क्योटोच्या हॉटेलात हजर. प्लगचा अडॅप्टर इथूनच न्या, तिथे दोन चपट्या पिनांचे सॉकेट असतात आणि व्होल्टेज फक्त १००. आपली पाणी तापवायची किटली तिथे नुसती बसून राहते. औषधांची पिशवी आधी तपासा. सुडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या तिथे चालत नाहीत. टिप ठेवू नका, लोक अवघडतात. ट्रेनमध्ये फोनवर बोलू नका. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. आणि जवळ एक रिकामी पिशवी ठेवा. १९९५मध्ये टोकियोच्या मेट्रोत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर रस्त्यावरच्या, स्टेशनांवरच्या कित्येक कचराकुंड्या काढून टाकल्या. कचरा आपला, पिशवी आपली.

आता जे जमलं नाही ते. आई पक्की शाकाहारी. शीटमध्ये मी 'व्हेज ऑप्शन्स' असा कॉलम केला होता आणि त्यात नूडल्स, सूप, टोफू असं लिहून मोकळी झाले होते. तिथे गेल्यावर कळलं की या सगळ्याच्या मुळाशी 'दाशी' असते, म्हणजे बहुतेक वेळा सुक्या माशाचं पाणी. वरून एकही तुकडा दिसत नाही, पण असते. 'निकु तो साकाना वा ताबेमासेन', मांस आणि मासे खात नाही, हे वाक्य मी पाठ केलं होतं. दाशीबद्दल वेगळं विचारावं लागतं, हे ठाऊक नव्हतं. पहिले दोन दिवस आईने केळी, ब्रेड आणि घरून आणलेल्या दशम्यांवर काढले. दुसऱ्या रात्री मी चिडून म्हटलं, "आई, थोडं अ‍ॅडजस्ट कर ना, इतके पैसे घालून आलोय." ती काही बोलली नाही. दशमी परत डब्यात ठेवली आणि झोपली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिंजुकू स्टेशनवर होतो. गिनेस बुकाच्या नोंदीप्रमाणे हे जगातलं सर्वात गजबजलेलं स्टेशन, दोनशेच्या वर एक्झिट्स. शीटप्रमाणे साडेनऊला शिबुयाचं प्रसिद्ध क्रॉसिंग. हिरव्या पट्ट्याची यामानोते लोकल समोर उभी होती. मी झपाझप चालत आत शिरले, वळून बघितलं आणि दार बंद झालं. काचेपलीकडे आई.

बॉस, त्या क्षणी पोटात काय होतं ते सांगता येत नाही. तिच्या फोनमध्ये तिथलं सिम नव्हतं. 'आपण एकत्रच तर असणार' म्हणून मी फक्त स्वतःसाठी ई-सिम घेतलं होतं. हॉटेलचं नाव तिला उच्चारता येत नव्हतं. पुढचं स्टेशन योयोगी, दोन मिनिटांवर. ती दोन मिनिटं मी दारावर तळहात टेकवून उभी होते. योयोगीला उतरून उलट्या बाजूची गाडी पकडली, शिंजुकूला उतरले ती वेगळ्याच प्लॅटफॉर्मवर. खाली धावले, चुकीचा जिना चढले, पुन्हा उतरले. माणसांचा तो लोंढा, आणि त्यात पाच फुटांची, राखाडी स्वेटरमधली एक बाई शोधायची.

ती होती तिथेच होती. म्हणजे अक्षरशः तिथेच, त्याच डब्याच्या त्याच दाराच्या खुणेवर. शेजारी टोपीवाला स्टेशन कर्मचारी उभा होता. तो तिला ऑफिसात चला असं खुणेने सांगत असावा आणि ही मान हलवून नाही म्हणत होती. हातात हॉटेलचं जपानी अक्षरातलं कार्ड. ते तिने पहिल्याच दिवशी रिसेप्शनवरून उचलून पर्समध्ये ठेवलं होतं. माझ्या शीटमध्ये ही ओळ नव्हती.

"घाबरली नाहीस?" मला धाप लागली होती.

"घाबरले की. पण लहानपणी पंढरपूरला आमचे आप्पा सांगायचे, हात सुटला की जिथे सुटला तिथेच उभं राहायचं. दोघंही शोधायला लागली की संपलं." मग जरा थांबून म्हणाली, "तू येणार हे माहीत होतं. पण दोन दिवस तू पुढेच चालते आहेस गं. मागे बघतच नाहीस."

मी कर्मचाऱ्यासमोर वाकून तीन-चार वेळा 'आरिगातो गोझाइमासु' म्हटलं. आईला काय म्हणावं ते सुचेना. आम्ही मशीनमधून गरम ग्रीन टीच्या दोन बाटल्या घेतल्या आणि शिबुया रद्द केलं. मग पहिल्यांदाच विचारलं, "आई, तुला काय बघायचंय?"

"फुजी दिसेल का कुठून?"

शिंजुकूच्या पश्चिम बाजूने दहा मिनिटं चालत गेलं की टोकियो महानगर सरकारची इमारत आहे. ४५व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर गॅलरी, प्रवेश मोफत. तिच्या चालीने आम्हाला वीस मिनिटं लागली. हवा स्वच्छ होती. दूर, इमारतींच्या मागे, पांढऱ्या माथ्याचा तो सुळका. आई काचेला नाक लावून उभी राहिली. "३,७७६ मीटर," ती वर्गात सांगावं तशी म्हणाली. आणि मग हळूच, "ह्यांना पाठ होतं. माझ्याकडून ऐकून ऐकून."

तर, आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनो, शीटमध्ये एवढं घाला. त्यांच्या फोनलाही सिम घ्या आणि लोकेशन शेअर करायला घरीच शिकवा. हॉटेलचं कार्ड त्यांच्या पर्समध्ये, पासपोर्ट त्यांच्याजवळ, पोलिसांसाठी ११० आणि अ‍ॅम्ब्युलन्ससाठी ११९ कागदावर. जेवणाचं जपानीत लिहून न्या, दाशीसकट. टोकियोत निशी-कासाई भागात बरीच भारतीय कुटुंबं राहतात, तिथे डाळ-भात मिळतो. त्या संध्याकाळी आई दोन वेळा वाढून घेऊन जेवली. चुकामूक झाली तर कोणी थांबायचं आणि कोणी परत यायचं, ते निघण्याआधी ठरवा.

ऑफिसात अजूनही कोणी ना कोणी माझी शीट मागतं. देते. फक्त आता दर दिवशी दुपारचा एक कॉलम मी कोरा ठेवलाय. तो तुमच्या आईला भरू द्या.